उतरंड

फाल्गुन सरत आला की मुलुंड स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर माठांचे ढीग दिसू लागतात. लाल माठ, काळे माठ, अलीकडे तोटी बसवलेले माठ. घेणारा माणूस वाकून माठावर टिचकी मारतो, कान देऊन ऐकतो आणि मग भावाची घासाघीस सुरू करतो. घरात थंड पाण्याचे कपाट आलेले असले तरी ही टिचकी मारण्याची सवय आपल्या बोटांतून अजून गेलेली नाही. आवाज खणखणीत आला तर भांडे पक्के. भदभदीत आला तर कुठे तरी तडा आहे किंवा भाजणे अपुरे राहिले आहे. ही परीक्षा या भूमीत किमान तीन हजार वर्षे चालू आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांनी ती अतिशयोक्ती समजू नये.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठा रांजण किंवा डेरा तळाशी, त्यावर त्याहून लहान मडके, त्यावर आणखी लहान, आणि अगदी वर एखादे बोळके. तांदूळ, डाळ, मीठ, सुकी मासळी असे सगळे त्यात साठवलेले असे, आणि मधल्या कुठल्या तरी मडक्यात घरधनिणीने नवऱ्यालाही न सांगता ठेवलेले चार पैसे. तळचे मडके हवे असेल तर वरची सगळी उतरवावी लागत, म्हणून ती उतरंड. ती आज घरातून गेली, पण भाषेत मात्र राहिली आहे. आपण 'जातींची उतरंड' म्हणतो तेव्हा मातीच्या भांड्यांचेच चित्र डोळ्यांसमोर आणत असतो, हे मात्र विसरतो. या लेखात आम्हांला मातीच्या भांड्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहायचा आहे. ज्या समाजांनी अक्षर लिहिले नाही, त्यांनी आपले मन मडक्यांवर लिहून ठेवले आहे.

प्रवरा नदीच्या काठी, संगमनेर तालुक्यात, जोर्वे नावाचे एक गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. सांकळिया हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विख्यात पुरातत्त्वज्ञ; परंतु त्यांची घडण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, स्पेनहून आलेल्या येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांच्या हाताखाली झाली होती, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. महाराष्ट्राच्या प्रागैतिहासाचा पाया घालणाऱ्या या विद्वानाचा एक गुरू कॅथलिक धर्मगुरू होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो, आणि तो लपविण्याचे कारण दिसत नाही. जोर्व्याला सापडलेली भांडी पातळ, तांबूस-नारिंगी रंगाची, त्यांवर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी. कोनदार कडेचे वाडगे आणि लांब तोटीची भांडी. माती इतकी गाळून घेतलेली व भाजणी इतकी पक्की की ठोकताच धातूसारखा नाद यावा. महाराष्ट्रात ठिकठिकाणी तशीच भांडी सापडत गेली आणि एका संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले. या लोकांच्या राजाचे नाव आपल्याला माहीत नाही, देवाचेही नाही. त्यांची ओळख त्यांच्या भांड्यांवरून.

पुढे १९६८ पासून १९८३ पर्यंत शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजाने बारा हंगाम खोदकाम केले. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांचे हे काम भारतातील एका खेड्याचे सर्वांत बारकाईने झालेले उत्खनन मानले जाते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे वस्ती होती. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. मधोमध सधन शेतकऱ्यांची चौकोनी घरे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिमेकडील कडेला. कुंभाराची गोल भट्टीही मिळाली. म्हणजे ज्याच्या भांड्यांवरून आज सबंध संस्कृती ओळखली जाते, तो कुंभार गावाच्या कडेला राहत होता.

परंतु इनामगावाने सांगितलेली खरी गोष्ट घरांच्या जमिनीखाली होती. दोनशेहून अधिक दफने तेथे मिळाली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलांची होती. मूल दगावले की घरातच जमिनीत खड्डा खणीत. दोन मोठी मडकी घेऊन ती आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवीत, आणि त्यांच्या पोकळीत त्या बाळाला निजवीत. शेजारी एखादे तोटीचे भांडे, एखादा रंगवलेला वाडगा. मग वर माती लोटून, जमीन पुन्हा चोपून, त्याच जमिनीवर चूल पेटत असे, दळण होत असे, पुढची भावंडे रांगत असत. मोठ्या माणसांना मात्र मडके नसे. त्यांना उताणे पुरीत, डोके उत्तरेकडे, आणि पाय घोट्याच्या वर तोडलेले. मेलेला माणूस उठून चालू लागू नये असा त्यामागे हेतू असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. लहान मुलाचे पाय तोडण्याची गरज कोणाला वाटली नाही. त्याचे भय नव्हते. उलट ते जवळ राहावे अशीच इच्छा असावी.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो विलक्षण आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचे, फुगीर पोटाचे एक प्रचंड मातीचे पात्र मिळाले. त्यात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसविलेला होता. त्याचे पाय शाबूत होते. घराला लागून धान्याचे कोठार होते. तेव्हा हा मनुष्य गावचा प्रमुख असावा. गावातल्या सर्वांत मोठ्या माणसाला जो मान मिळाला तो म्हणजे लहान मुलासारखे भांड्याच्या पोटात परत जाण्याचा.

घट म्हणजे गर्भ, ही कल्पना आपल्या प्रदेशात इतकी मुरलेली आहे की ती शिकवावी लागत नाही. नवरात्रात घट बसतात, त्यात धान्य उगवते. संक्रांतीला सुगडे पुजली जातात. हिंदू प्रेतयात्रेत मडक्याला छिद्रे पाडून पाण्याची धार धरतात आणि शेवटी ते फोडतात. आपल्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणतात, तेव्हाही बायकांच्या डोक्यावर घागरीच असतात. ख्रिस्तसभेने कधी डोळे वटारले, कधी डोळेझाक केली; घागर मात्र डोक्यावरून उतरली नाही.

इनामगावच्या त्या बालकांबद्दल वाचताना आम्हांला आपल्याच एका जुन्या प्रथेची आठवण झाली. ती सांगणे सुखाचे नाही, पण इतिहासाच्या लेखात ती गाळणे अप्रामाणिक होईल. स्नानसंस्काराआधी दगावलेल्या बाळाला १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार धार्मिक दफनविधी नाकारलेला होता. पवित्र केलेल्या दफनभूमीच्या कडेला, भिंतीपलीकडे, कुठे तरी त्याला पुरावे लागे. त्याचा आत्मा 'लिंबो'त जातो असे आई-बापांना सांगितले जाई. वस्तुतः तो एक ईशज्ञानविषयक मतप्रवाह होता, श्रद्धेचा सिद्धान्त कधीच नव्हता. १९८३ च्या नव्या संहितेने अशा बाळाच्या ख्रिस्ती अंत्यविधीला, स्थानिक बिशपांच्या परवानगीने, वाट मोकळी केली. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे असे म्हटले. त्याआधीच्या कित्येक माता ते वाचायला राहिल्या नाहीत. घोड नदीच्या काठची ती अक्षरशून्य आई आपल्या बाळाला घराबाहेर ठेवायला तयार नव्हती. तिच्या धर्माविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. मडक्याच्या रूपाने तिने आपल्या मनाची एवढीच खूण ठेवली.

मराठी मनाने कुंभार, माती आणि मूल ही तिन्ही एकत्र बांधलेली आणखी एक कथा आहे, ती तेरच्या गोरोबांची. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन 'तगर', रोमशी व्यापार करणारे नगर. तेराव्या-चौदाव्या शतकात तेथे गोरा कुंभार झाले. भजनात देहभान हरपून माती तुडविताना त्यांचे रांगते मूल त्या चिखलात येऊन तुडविले गेले, ही कथा महाराष्ट्रात लहानपणापासून ऐकविली जाते. पुढे विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळाले असे कथा सांगते. पण ऐकणाऱ्याच्या मनात राहतो तो चिखलच. याच गोरोबांनी थापटण्याने संतांच्या डोक्यावर थापा मारून कोणाचे मडके पक्के, कोणाचे कच्चे, हे पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले. मुलुंडच्या रस्त्यावरची आपली टिचकी ती हीच. यिर्मया संदेष्ट्यालाही परमेश्वराने कुंभाराच्या घरीच पाठविले होते. तेथे त्याने बिघडलेल्या भांड्याची माती पुन्हा चाकावर घेतली जाताना पाहिली. परंतु ती सवलत कच्च्या मातीला आहे. भाजलेले भांडे फुटले की ते पुन्हा चाकावर चढत नाही. त्याची खापरे होतात.

खापरांनाही मात्र नशीब असते. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या वसईशेजारच्या सोपाऱ्याचा स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याची, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी. एवढी सारी डबीत डबी ठेवून जपलेले होते काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते अवशेष अशी श्रद्धा असणार, असा भगवानलालांचा निष्कर्ष. सोन्याच्या पोटात माती! याच सोपाऱ्याला १३२१ साली ठाण्यात हुतात्मा झालेल्या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या अस्थी डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस यांनी आणून पुरल्या. अवशेष जपण्याची ओढ धर्माधर्मांत फारशी वेगळी नाही.

सातासमुद्रांपलीकडचे एक उदाहरण येथे देतो, कारण त्यात आपल्या इतिहासाचे प्रतिबिंब दिसते. अमेरिकेच्या नैऋत्येस, न्यू मेक्सिको व अॅरिझोना या कोरड्या प्रदेशांत, पुएब्लो नावाने ओळखले जाणारे आदिवासी राहतात. 'पुएब्लो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नुसता 'गाव'. त्यांच्याकडे चाक नव्हते. मातीच्या वळकट्या एकीवर एक रचून, दगडाने घासून, बायका भांडी घडवितात. आपल्याकडे याच्या उलट. येथे चाक पुरुषाचे; बाईने माती मळावी, भांडे थापटावे, रंगवावे, पण चाकाला हात लावू नये, असा परंपरेचा दंडक. पुएब्लो बाई माती खणण्यापूर्वी मातीमातेची प्रार्थना करते, परवानगी मागते. अकोमासारख्या गावी जुन्या भांड्यांची खापरे कुटून त्यांची पूड नव्या मातीत मिसळतात, म्हणजे भांडे तडकत नाही. आपला कुंभार त्यासाठी घोड्याची लीद आणि राख घालतो. तेथे मात्र आजीचे फुटलेले मडके नातीच्या घागरीत शिरते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मिंब्रेस लोकांच्या कबरींत प्रेताच्या चेहऱ्यावर चित्रांकित वाडगा पालथा घातलेला आढळतो आणि त्याच्या बुडाला मुद्दाम पाडलेले भोक. आपल्या प्रेतयात्रेतील सच्छिद्र मडके ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही, किंवा फारच वाटेल.

या लोकांकडे १५९८ पासून स्पॅनिश वसाहत आली आणि तिच्याबरोबर फ्रान्सिस्कन मिशनरी. आपल्याकडे पोर्तुगीज वसईत १५३४ साली आले. काळ साधारण एकच. अकोमाच्या पठारावरील संत स्टीफनचे भव्य मंदिर सतराव्या शतकात त्याच मातीचे आणि त्याच लोकांच्या पाठीवरून वाहून आणलेल्या सामानाचे बांधले गेले. वेठ, दुष्काळ आणि त्यांच्या विधींवरील बंदी यांचा कडेलोट होऊन १६८० साली पुएब्लोंनी उठाव केला. एकवीस फ्रान्सिस्कन मारले गेले आणि स्पॅनिश बारा वर्षे परतू शकले नाहीत. परतल्यावर मात्र मिशनऱ्यांना त्या जुन्या नृत्यांकडे काणाडोळा करणे भाग पडले. आज बहुतेक पुएब्लो गावे आपल्या आश्रयदात्या संताचा सण मिस्सा आणि पूर्वजांचे नृत्य अशा दोन्हींनी साजरा करतात. स्पॅनिशांनी आणलेल्या मेंढ्यांचे वाळलेले शेण त्यांना भांडी भाजायला फार उपयोगी पडले. इतिहास असा तिरकस असतो. पुढे पत्र्याच्या बादल्यांनी त्यांची घागर हटविली, तेव्हा हानोच्या नाम्पेयो आणि सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ या दोन कुंभारणींनी उत्खननात मिळालेल्या जुन्या खापरांवरून कला पुन्हा उभी केली. मारिया व त्यांचे पती हुलियन यांनी १९१९ च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी साधली आणि गावात चार पैसे येऊ लागले. नाम्पेयो १९४२ मध्ये, मारिया १९८० मध्ये वारल्या; त्यांच्या नातवंडांचे हात अजून मातीत आहेत.

आपल्याकडेही एक प्रयत्न झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी सिंधी कुंभारांच्या हुन्नराचा आधार घेऊन झिलईची भांडी बनविणे सुरू केले आणि त्यांवर अजिंठ्याची चित्रे उतरविली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहायला मिळतात. सुंदर आहेत, पण ती दिवाणखान्यासाठी होती. गावच्या कुंभाराला त्यांतून काही मिळाले नाही. बलुत्याच्या धान्यावर तो जगत होता आणि पितळ, मग अॅल्युमिनियम, मग प्लॅस्टिक आले तसतसा मागे सरकत गेला.

मातीच्या भांड्याची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. माती शोषून घेते. तांब्या घासून, विस्तव दाखवून शुद्ध होतो. मडके विटाळले की फोडायचे. मोशेच्या नियमशास्त्रातही अशुद्ध झालेले मातीचे पात्र फोडण्याचीच आज्ञा आहे, आणि काना येथील लग्नघरी शुद्धीकरणाचे सहा रांजण दगडाचे होते ते याचमुळे, दगडाला विटाळ नव्हता. आपल्या समाजाने हा नियम भांड्यावरून माणसावर नेला. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नमूद केले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी व त्यांच्या अनुयायांनी प्राशन केल्यावर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेली १०८ मडकी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. त्याच मातीच्या फुटक्या तुकड्यात भाकरी खाणारा, हाती झाडू घेतलेला एक परीट समाजातील माणूस मात्र त्या गाडग्याचे नाव लावून संत झाला. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) खापराला जी प्रतिष्ठा दिली ती सोन्याच्या डबीनेही दिली नव्हती. आणि आपण? उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळविताना मूळ जात विचारली गेली नाही, असे छातीवर हात ठेवून किती कुटुंबांना म्हणता येईल?

हे सारे मनात घोळत असताना आम्ही एका सकाळी मुलुंडहून गाडी पकडून शीवला उतरलो आणि चालत धारावीच्या कुंभारवाड्यात गेलो. सौराष्ट्रातून आलेले हे कुंभार शहर वाढेल तसे पुढे पुढे हटविले गेले आणि १९३० नंतरच्या दशकात धारावीत स्थिरावले. माती बाहेरून ट्रकने येते, भट्ट्या चिंध्यांवर आणि लाकडाच्या भुशावर पेटतात, धूर डोळ्यांत जातो. समोर घर, मागे भट्टी, मधल्या अंगणात पणत्यांच्या ओळी वाळत घातलेल्या. इनामगावच्या उत्खननाचा नकाशा ज्याने पाहिला आहे त्याला ही मांडणी अनोळखी वाटत नाही.

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा २००४ पासूनची. काम २०२३ मध्ये खासगी समूहाकडे सोपविण्यात आले. अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये केला आणि आपल्या मुलुंडमध्ये विरोधाचे फलक लागले. विरोधाची काही कारणे खरी आहेत. पाणी, रस्ते, गटारे यांवर आजच ताण आहे आणि मिठागरे बुजविली तर पावसाचे पाणी कुठे जाणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्ही जे ऐकले त्यात गटारांइतकाच 'तसल्या लोकां'चा उल्लेख होता. प्रभू येशूला विकून आलेल्या तीस नाण्यांनी याजकांनी परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले होते, हे तपस्याकाळात वाचून दाखविले जाते. परक्याला मेल्यावर जागा देणे तुलनेने सोपे असते.

कुंभारवाड्यात आम्ही एक मध्यम आकाराचा माठ निवडला. म्हाताऱ्या कुंभाराने तो आमच्या हातून घेतला, आपल्या बोटाच्या पेराने वाजविला, मान हलविली, आणि दुसरा काढून दिला. पहिल्यात दोष काय होता ते आम्हांला कळले नाही. कुठे राहता म्हणून त्याने विचारले. मुलुंड, असे सांगताच तो क्षणभर थांबला. माठाभोवती सुतळी गुंडाळीत त्याने विचारले, "तिकडे आम्हांला पाठवतील म्हणतात. इमारतीत भट्टी लावू देतील का?"

आम्ही पैसे दिले आणि माठ काखेत घेऊन स्थानकाकडे निघालो. गाडीत गर्दी होती. घाटकोपरपर्यंत माठ मांडीवर धरून बसलेल्या आम्हांला उभ्या माणसांनी सांभाळून घेतले.